बोकोबाचं दुसरं वर्ष

विकणं या गोष्टीचा मावशीला मनापासून तिटकारा होता. आयुष्य प्रसूतिगृहात नर्स म्हणून गेलं. कुणाची कोणती बाळं आपण न्हाऊमाखू घातली याचा हिशेब तिने कधी ठेवला नाही, आणि कुणापुढे हात पसरायची वेळ आलीच तर जीभ टाळ्याला चिकटायची. निवृत्त झाल्यावर मात्र ती पेचात सापडली. शेजारच्या, शेजारणीच्या ओळखीच्या, त्या ओळखीच्यांच्याही ओळखीच्या नव्या नव्या आया तिला फोन करायच्या. बाळ दूध ओकतंय. बाळ झोपत नाही. मान कधी धरेल? मावशी प्रत्येकीला तेच तेच सांगायची आणि संध्याकाळपर्यंत तिचा आवाज बसायचा.

तिचा भाचा तिच्याकडेच राहायचा. बहीण गेल्यापासून ही दोघंच एकमेकांना. दुकानदारांच्या जाहिरातीच्या मेल लोकांना पाठवायच्या, ही त्याची नोकरी. तो एकदा म्हणाला, "मावशी, तेच तेच बोलून घसा कशाला कोरडा करतेस? एकदाच लिहून टाक. पोहोचवायचं काम माझं."

अशी ती पत्रं सुरू झाली. आईने बाळाची जन्मतारीख आणि लाडाचं नाव कळवायचं, एवढंच. मग दर आठवड्याला बाळाच्या वयाप्रमाणे एक मेल. या आठवड्यात ते काय करेल, काय करणार नाही, कशाला घाबरायचं आणि कशाला मुळीच घाबरायचं नाही. लाडाचं नाव कॉम्प्युटर आपोआप जागच्या जागी बसवायचा, त्यामुळे प्रत्येकीला वाटायचं की मावशीने आपल्याच बाळाला समोर बसवून लिहिलंय. खाली सही, 'तुमची मावशी'. वर्षभराची पत्रं, सगळी फुकट. मावशीने ती हौसेने लिहिली, अधूनमधून आयांना दटावलं, नवऱ्यांना टोमणे मारले, आणि पत्रं या कानाची त्या कानाला होत इतकी पसरली की भाच्याने एक दिवस नोकरीच सोडली.

"आता दुसरं वर्ष," तो म्हणाला. "आणि हे विकायचं."

"विकायचं? काल फुकट दिलं ते आज विकायचं?"

"कालचं फुकटच राहील. पुढचं विकायचं. वर्षभर तुझी सवय लागलीय त्यांना. पहिला वाढदिवस झाला की आपण म्हणायचं, पुढचा रस्ता मावशीबरोबर चालायचा असेल तर वर्गणी भरा."

"सवय लावायची आणि मग पैसे मागायचे. मी काय अफू विकते का रे?"

"तू सल्ला विकतेस. डॉक्टर नाही घेत पैसे?" भाच्याने हात जोडले. "मावशी, नोकरी सोडून बसलोय मी. हे चाललं नाही तर पुन्हा कुणाच्या तरी चपलांच्या जाहिराती लिहाव्या लागतील."

यावर मावशी काय बोलणार? पोराने तिच्या भरवशावर उडी मारली होती. ती गप्प बसली आणि भाच्याने त्याचा अर्थ होकार असा घेतला.

त्याची कामाची एक पद्धत होती. आधी लिहायचं नाही. आधी विकायचं, गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्याच्याच तोंडून काढायचं, आणि मग तेवढंच लिहायचं. म्हणून ज्यांनी एकही पत्र चुकवलेलं नाही अशा आयांना मावशीने स्वतः फोन करायचा, असं ठरलं. मावशी कुरकुरत बसली खरी, पण दोन-चार फोनांत तिची कळी खुलली. एक म्हणाली, तुम्ही लिहिलं होतंत की आता बसेल, आमचा ठोंब्या अजून लवंडतोय. दुसरीची मुलगी रांगणं वगळून थेट पलंगावर चढली होती. तिसरीला बोलताच येईना, कारण फोनसाठीच तिकडे कुणीतरी भोकाड पसरलं होतं. मावशी खुर्चीत मागे रेलून हसत होती.

"आता ही," भाचा म्हणाला. "आपला पहिला नंबर. कॉम्प्युटरवर दिसतं मला, पत्र आल्या आल्या उघडते. एकेक पत्र पुन्हा पुन्हा उघडते, अगदी जुनीसुद्धा. हिने वर्गणी नाही भरली तर कुणीच भरणार नाही. बाळाचं नाव बोकोबा."

"बोकोबा!" मावशीला नाव फारच आवडलं. तिने नंबर फिरवला.

पलीकडचा आवाज हळू आणि सपाट होता. "मावशी? पत्रातल्या मावशी?"

"त्याच. बोकोबा कसे आहेत?"

"छान आहे. आता भिंतीला धरून पावलं टाकतो. अंगठा आणि बोट जोडून बारीक वस्तू उचलतो. टाटा करतो. परकं माणूस दिसलं की माझ्या खांद्यात तोंड लपवतो."

"अरे वा. आणि दात?"

"खाली दोन, वर दोन."

"त्रास काही? ताप, पोट, रात्रीचं जागणं?"

"काहीच नाही. तुम्ही लिहिता अगदी तसंच आहे सगळं."

मावशीच्या हातातलं पेन थांबलं. भिंत, बारीक वस्तू, टाटा, खांद्यात तोंड, दात. हे तिचंच या आठवड्याचं पत्र होतं, तिने लिहिलं त्याच क्रमाने. असं मूल तिने जन्मात पाहिलं नव्हतं. एखादं पुढे पळतं, एखादं मागे रेंगाळतं, एखादं तर केवळ आईचा जीव टांगणीला लावायचा म्हणून सगळं उलट करतं. पत्राबरहुकूम वाढणारं मूल नसतंच. आणि आत्ताच लक्षात आलं, पलीकडच्या आवाजामागे काही नव्हतं. कुरकुर नाही, काही आपटल्याचा आवाज नाही, 'ए, ते तोंडात घालू नकोस' असं मध्येच ओरडणं नाही. कुठेतरी फ्रीज घरघरत होता, तेवढाच.

"मावशी, वर्ष झालं की पत्रं बंद होतात का?"

"पुढच्या वर्षाची सुरू करतोय आम्ही, पण त्याला..."

"वर्गणी आहे ना? भरते. आजच भरते. फक्त एक सांगा." आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं. "तो चालायला कधी लागेल? म्हणजे हात सोडून. मला त्या दिवशी घरी राहायचंय. आमच्या ऑफिसात रजा आधी मागावी लागते."

"दिवस कसा सांगणार गं? कुणी लवकर चालतं, कुणी..."

"इतरांचं नको. बोकोबाचं सांगा. तुम्ही लिहाल तोच दिवस असेल."

बघते, कळवते, असं काहीबाही बोलून मावशीने फोन ठेवला. थोड्याच वेळात समोर भाचा कॉम्प्युटरकडे बघत टाळ्या पिटायला लागला. "भरली! अजून ऑफर उघडलीसुद्धा नाही, तोवर हिने माझ्याकडून लिंक मागवून वर्गणी भरली पण!"

"अरे," मावशी म्हणाली, "त्या घरात मूल नाहीये."

"म्हणजे? थापा मारतेय?"

"थापा नाही रे." मावशीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो शहाणा पोर होता, त्याला फार सांगावं लागलं नाही. तो हळूच खुर्चीत बसला.

थोड्या वेळाने म्हणाला, "मग तिने बंद का नाही केली पत्रं? खाली सोय असते की."

"दाखव."

त्याने एक पत्र उघडून तळाशी नेलं. 'ही मेल नको असल्यास' वगैरे रुक्ष वाक्य भाच्याला पसंत नव्हतं. मावशीच्या गोड पत्राखाली असलं कोरडं काही कशाला, म्हणून त्याने तिथे स्वतःचं लिहिलं होतं. 'बाळ मोठं झालं का? मग इथे टिचकी मारा आणि मावशीचा निरोप घ्या.' लिहिलं तेव्हा दोघंही हसली होती.

"दुसरा काही मार्ग?" मावशीने विचारलं.

"नाही." तो खाली बघत होता. "सुचलंच नाही मावशी. कॉम्प्युटरला फक्त तारीख कळते. दर आठवड्याला वय वाढवायचं आणि पुढचं पत्र सोडायचं. मूल आहे की नाही हे त्याला..." त्याने वाक्य सोडून दिलं. "मी काढून टाकतो तिला. पैसे परत पाठवतो. वाक्य तर आत्ताच बदलतो. पुढच्या आठवड्यात तिला काही जाणारच नाही."

"मग तिला काय वाटेल?"

"काय वाटेल?"

"गेला, असं वाटेल. पुन्हा."

भाच्याने वाक्य तेवढं बदललं, आणि तिचं नाव मात्र तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी दुसऱ्या वर्षाची पत्रं लिहायला बसली. वर्गण्या येऊ लागल्या होत्या, लिहिणं भागच होतं. आजवर लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर कुठलं एक मूल नसायचं. खूप मुलं असायची, एकमेकांत मिसळलेली, त्यामुळे कुणाचंच ओझं नसायचं. आता एकच होतं. 'तेराव्या महिन्यात' एवढं लिहिलं की ते खुर्चीच्या मागे उभं आहे असं वाटायचं. अनवाणी, खुर्चीचा पाय धरून, तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत. तिने लिहिलं 'बसेल', तर ते बसणार. तिने काहीच लिहिलं नाही, तर ते तसंच उभं राहणार.

भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. प्रसूतिगृहात किती तरी न रडलेली बाळं तिने स्वतःच्या हातांनी पांढऱ्या कापडात गुंडाळली होती, घरी येऊन डोळे पुसले होते आणि ती जेवून झोपली होती. त्यातलं एकही तिच्या मागे घरी आलं नव्हतं. पण हे तिच्या हातात मेलेलं मूल नव्हतं. हे तिच्या हातून वाढलेलं मूल होतं, आणि याची भीती तिला वाटत होती.

"मावशी, कात्री कुठे गेली?" भाच्याने विचारलं.

ती कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर निघाली. मावशीनेच ठेवली होती. चहाचा कप ती टेबलाच्या कडेला ठेवेना, मधोमध सरकवून ठेवायची. खालच्या कपाटाच्या कड्यांना तिने दोरी बांधली. न्हाणीघराचं दार सतत ओढून घ्यायला लागली. एका दुपारी भाचा आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "भरलेली बादली का ओतून टाकलीस? पाणी जायची वेळ झाली."

"अरे, रांगत गेला म्हणजे..." मावशी म्हणाली आणि तिथेच थांबली. बादली पालथी पडली होती.

"मावशी, हे बरं नाही," भाचा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी आजच तिचं नाव काढतो."

"हात लावशील तर बघ," ती त्याच्यावर खेकसली. इतकी की त्याने दोन दिवस तो विषय काढला नाही.

वाढदिवस मात्र कुणासाठी थांबत नव्हता. पहिल्या वर्षाचं शेवटचं पत्र आणि त्याच्या पाठोपाठ वर्गणीचं, अशी जोडी भाच्याने सगळ्यांसाठी करून ठेवली होती. रविवारी सकाळी तो कुठलं पत्र कसं दिसतंय ते तपासत होता आणि मावशी मागून जाता जाता थबकली. पडद्यावर होतं, 'बोकोबा एक वर्षाचा झाला! मेणबत्ती विझवताना त्याचा हात धरायला विसरू नका. आता तो दुडुदुडु पळेल. या पुढच्या प्रवासात मावशीचं बोट सोडू नका.' उद्या सकाळी जायचं होतं ते.

बोट धरायला लावणारी ती कोण? सोडायला लावणारी तरी कोण? काय बोलायचं हे मुळीच ठरलेलं नसताना तिने फोन उचलला.

"मावशी!" पलीकडून लगेच उत्तर आलं. "दिवस ठरला?"

"नाही ठरला," मावशी म्हणाली. "पोरी, माझा जन्म बाळांच्यात गेलाय. मला खरं सांग. बोकोबा कुठे आहे?"

फ्रीज घरघरत होता. भाचा खुर्चीत वळून बसला होता आणि फोनमधलं बोलणं त्यालाही ऐकू येत होतं.

"तुमच्या पत्रात," ती म्हणाली.

मग तीच बोलायला लागली, त्याच सपाट आवाजात. "जन्मला त्याच दिवशी मी दवाखान्यातल्या खाटेवरून तुमच्याकडे नाव घातलं. काचेच्या पेटीत ठेवला होता त्याला. घरी आलाच नाही तो. मी आले, आणि मी आले तर तुमचं पत्र आलेलं. 'बोकोबा आता घराला सरावत असेल.' इतका राग आला मला! बंद करायला गेले तर खाली विचारलेलं, बाळ मोठं झालं का? कुठे झालं होतं मोठं? खोटं कसं सांगू? नाही मारली टिचकी. पुढच्या आठवड्यात दुसरं आलं. मग तिसरं. मग तो हसायला लागला, मावशी. माझ्याकडे बघून हसतो असं लिहिलं होतंत तुम्ही."

भाच्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. 'बाळ मोठं झालं का?' हे वाक्य त्याचं होतं.

"घरात कुणी...?" मावशीने विचारलं.

"सगळे म्हणाले, विसर. दुसरं होईल. त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही. तुम्ही एकट्या बोलायचात. दर आठवड्याला, न चुकता." आवाज आता घाईत आला. "तुम्हीच वाढवलंत त्याला. मी नुसती वाचत होते. आता वर्षाचा केलात आणि मध्येच टाकून देणार का? मी वर्गणी भरलीय. अजून हवी तर अजून भरते. चालायचा दिवस तेवढा सांगा."

सांगणं काय अवघड होतं? एखादा बुधवार, सकाळची वेळ, खिडकीपासून पलंगापर्यंत. शब्द मावशीच्या जिभेवर तयार होते. पोरीने रजा टाकली असती, खिडकीपाशी बसून राहिली असती आणि तिला तो चालताना दिसलाही असता. आणि मग पहिला शब्द. मग जिना. मग शाळा. मावशी जिवंत असेपर्यंत त्याला वाढवत राहिली असती, आणि ही बाई तिला त्याचे पैसे देत राहिली असती. मावशीला रडू येत होतं आणि तिला भयंकर भीती वाटत होती. खरं बोलली तर एका आईच्या घरातून मूल उचलून नेल्यासारखं होणार होतं.

"नाही सांगू शकत," ती म्हणाली. "चालायचा दिवस मूल ठरवतं गं. आईला ठरवता येत नाही, मावशीला तर नाहीच नाही. आणि बोकोबा..."

"नको. बोलू नका."

"बोकोबा नाही ठरवू शकत."

फोन कट झाला की काय म्हणून मावशीने तो कानापासून दूर धरून पाहिला आणि पुन्हा कानाला लावला. मग तो आवाज सुरू झाला. आधी बारीक, घशातच अडकलेला, आणि मग मोकळा, मोठा, वर्षभर दाबून ठेवलेला. मावशीने गप्प राहा म्हटलं नाही. असं रडणाऱ्या बाईला गप्प राहा म्हणायचं नसतं, एवढं ती प्रसूतिगृहात शिकली होती. भाचा उठून जवळ आला, पडद्याकडे बोट दाखवून त्याने डोळ्यांनीच विचारलं, उद्याचं थांबवू? मावशीने मान हलवली. हो. त्याने ते पत्र काढून टाकलं आणि तिथेच जमिनीवर बसून राहिला.

रडणं ओसरायला बराच वेळ लागला.

"एक विचारू?" मावशी म्हणाली. "पत्रातला नको. तुझा सांग. तो कसा होता?"

"कसा म्हणजे?"

"म्हणजे कसा होता. मला माहीतच नाही तो. वर्षभर त्याच्याबद्दल लिहिलं, पण मी त्याला पाहिला कुठे?"

पलीकडची शब्द शोधत शोधत बोलायला लागली.

"उचकी लागायची त्याला," ती म्हणाली. "सारखी. पोटात असतानासुद्धा. एवढंसं अंग, आणि उचकी आली की ती पेटी हलतेय की काय असं वाटायचं. नर्स हसायच्या."

हे मावशीच्या कुठल्याच पत्रात नव्हतं.

"मग?" तिने विचारलं. "तू काय करायचीस?"

"पेटीला भोकं असतात ना बाजूला, त्यातून हात आत घालू द्यायचे मला. पाठीवर बोटं ठेवायची. दोनच. तेवढीच मावायची."

"आणि थांबायची उचकी?"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग, मावशीला आधी खरंच वाटेना, एक हसू.

"कधी थांबायची, कधी नाही. त्याची मर्जी."